सुळ्यांचं माप

दिवसा मी दाढा करतो.
मनामात, गुदैबियाच्या गल्लीत, लाँड्रीच्या वर,
पोर्सेलिनच्या, झिर्कोनियाच्या.
तोंडं मला दिसत नाहीत. येतात ते नुसते साचे,
गुलाबी, जरा ओलसर, नावाची चिठ्ठी लावलेले.

रात्री अकरानंतर सुळे.

पहिली आली ती दुहा.
काळा अबाया, खाली काळेच बूट,
आठ बकलांचे, वीतभर टाचेचे.
म्हणाली, दोन हवेत, काढता-घालता येतील असे,
आणि ‘स’ म्हणताना शिट्टी वाजता कामा नये,
मला गायचं असतं.
नावाचा अर्थ विचारला. उन्हं वर येतात ना,
म्हणाली, ती वेळ.
उन्हाच्या नावाची पोर, आणि सूर्य बुडाल्याशिवाय
खिडकी उघडत नाही.
तसं ऑगस्टात इथं कोण उघडतं म्हणा.

मग जोबिन आला, केरळी, नाइट शिफ्टचा नर्स.
मग रोडेल, मॉलमध्ये अत्तर विकणारा.
त्यांच्यात नियम आहे म्हणे:
कुणी बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही.
मी म्हटलं, आमच्यातही आहे. व्हिसा म्हणतात त्याला.
जोबिन इतका हसला
की डावा सुळा निसटून चहात पडला.
(सैल होता. माझीच चूक. पुन्हा करून दिला.)

मग त्यांनी मलाही बोलावलं.
गच्ची. पाण्याच्या टाक्या. त्यांच्यामध्ये ताणलेली चादर,
चादरीवर दीपगृह, दीपगृहात विधवा,
आणि तळघरात पियानो वाजवणारा तिचा नवरा,
मेलेला, पण सुरात.
पोरं पडद्याच्या अर्धा क्षण आधी गात होती.
दमट हवेत चेहऱ्यांचा पांढरा रंग
गळ्यापर्यंत ओघळला होता, कुणी पुसत नव्हतं.
शेवटी त्या नवऱ्याच्या छातीत खुंटी ठोकतात.
तो कोसळतो, आणि जमिनीवरून
अख्खं गाणं म्हणतो.

मला हसू फुटलं.
दुहानं असं बघितलं की सांगावंच लागलं:
आमच्याकडे नाटकात हेच चालायचं.
पोटात तलवार, पण पद संपेपर्यंत मरायचं नाही.
आणि वन्समोअर आला
तर मेलेला उठायचा, उपरणं झटकायचा,
पेटीवाल्याकडे बघून मान डोलवायचा
आणि परत मरायचा, आधीपेक्षा बरा.
रोडेल म्हणाला, म्हणजे तुम्ही जुने.
थट्टेनं नाही. जागा करून दिली त्यानं, टाकीला टेकायला.

आगळाची बाटली नेली होती मी, आरवलीहून आलेली.
पेल्यांत ओतली तेव्हा सगळे गप्प.
हे कुणाचं? जोबिननं विचारलं.
झाडाचं, म्हटलं. कोकमाचं. मीठ घालून प्या.
ओठ लाल करून ती पोरं
तोंड वाकडं करत, डोळे मिटत प्यायली,
आणि परत मागितलं.

त्याच रात्री वेतोबाचं निघालं.
की गावाला आमच्या एक देव आहे, उंच, काळा,
रात्री गस्त घालतो,
चालून चालून चपला झिजतात त्याच्या,
म्हणून लोक नवस फेडताना चपलाच वाहतात,
माणसाच्या पायाला न होणाऱ्या.
खाली गल्लीत कुणीतरी शटर ओढलं.
रक्त? रोडेलनं विचारलं.
नाही. केळी.
दुहा बराच वेळ बोलली नाही.
मग म्हणाली, माप काय त्याच्या पायाचं?

रोज मापं घेणारा मी,
मला ते माहीत नव्हतं.
भावाला फोन लावला. त्यानं गुरवाला विचारलं,
गुरवानं सुतळीला गाठ मारून फोटो पाठवला.
तेवढ्यात पहाटेची बांग झाली.
पोरांनी चादर गुंडाळली, सुळे डब्यांत ठेवले
आणि जिन्यावरून उतरली,
ज्याला त्याला सातला ड्यूटी.

परवा खोकं आलं दुकानात.
जाड काळं कातडं, दुहेरी शिवण, आठ बकलं.
बाजारातल्या पेशावरी म्हाताऱ्याकडून करून घेतले,
त्यानं म्हणे एकदाही विचारलं नाही कुणासाठी.
बॅगेत दुसरं काही मावणार नाही. नेईन मे महिन्यात.
गुरवाला काय सांगायचं ते बघू.

टाच जरा उंच आहे.
सवय व्हायला त्याला
दोन-चार रात्री लागतील.